बावटा आधी पाहणारी

शाळेतून बोलावणं आलं की मी घाबरत नाही. घाबरायची हौस माझ्या मुलाच्या वेळीच फिटली. डहाणूतल्या ह्याच शाळेचा जिना मी त्याच्यापायी इतक्यांदा चढलेय की शिपाई मला लांबून बघूनच खुर्ची पुसायला घ्यायचा. तो मुलगा आता वायरमन आहे, स्वतःचं कमावतो, आणि मी पुन्हा तोच जिना चढत होते ते माझ्या भाचीसाठी.

भाची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ झाईला, आमच्या समुद्रकाठच्या गावी राहतो, होडीवर जातो. वहिनी मासळी विकते. पोरगी तिसरीत गेली तेव्हा शिकायला माझ्याकडे आली, कारण माझे यजमान रेल्वेत, क्वार्टर स्टेशनाजवळ आणि शाळा मागच्याच गल्लीत. मी तलासरीला सरकारी कचेरीत कारकून. सकाळची एसटी पकडते, दिवे लागायच्या आत परत येते. आत्याकडे राहिली की पोरीचं भलं होईल असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि माझंही.

तिच्या टीचर वयानं लहान होत्या आणि मनानं चांगल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

“लिहायला घेते आणि दोन ओळी झाल्या की थांबते,” टीचर म्हणाल्या. “मग खिडकीबाहेर बघत बसते. वाचायला उभी केली की एकच ओळ दोनदा वाचते, नाहीतर मधली गाळून खाली उडी मारते. चुळबुळ करते, शेजारणीला डिवचते, पुस्तक उघडलं की हातावर गाल टेकून पेंगल्यासारखी बसते. मला वाटतं हे लक्ष न लागण्याचं, म्हणजे तो अटेन्शनचा आजार असतो ना, तसलं काही आहे.” मग त्या जरा अडखळल्या. “आणि तुमच्याकडे आधी एक आहेच ना? घराण्यात असतं म्हणतात.”

झालं. माझं टाळकंच सटकलं. माझ्या मुलाला तो आजार होता, आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टरनं नीट तपासून सांगितलं होतं, गोळ्या चालू केल्या होत्या, शिकवायची रीत बदलून दिली होती, आणि त्यानंच तो मार्गाला लागला. पण म्हणून आमच्या घरातल्या प्रत्येक पोरावर तोच शिक्का?

“डोळे तपासले का हो तिचे?” मी विचारलं. खरं सांगते, तेव्हा मला डोळ्यांचा काही संशय नव्हता. काहीतरी उलट बोलायचं म्हणून बोलले.

टीचर हसल्या. “डोळे? अहो, आरोग्य खात्याची मंडळी येऊन गेली. भिंतीवरचा तक्ता तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शिवाय त्याच्या खाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरात होतं, तेही वाचून दाखवलं. सगळा हॉल हसला.”

ते मला पटलं, कारण आमच्या पोरीची नजर सगळ्या झाईला ठाऊक. आमच्याकडे प्रत्येक घराच्या होडीचा बावटा वेगळा. आमचा पिवळा, मधोमध हिरवी पट्टी. होडी परतायची वेळ झाली की घरच्या बायका, पोरं किनाऱ्यावर येतात, आणि बावटा आधी कोण बघतं याची चढाओढ लागते. आता मोबाईल आलेत, रेंजमध्ये आलं की फोन वाजतो, तरी त्या फोनला मान नाही. ज्यानं बावटा आधी पाहिला त्यानं पहिल्या पाटीतला हवा तो मासा उचलायचा, ही आमच्या घरची रीत. आणि ही पोर पाच वर्षांची झाल्यापासून तो मासा दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. आम्हाला नुसती धुरकट रेघ दिसत असायची तेव्हा ही उठून ओरडायची, “आपली! आपली!” माझी आई म्हणायची, मेली घार आहे घार.

तर डोळे उत्तम. मग उरलं काय? टीचरच्या हिशेबानं आजार उरला. पण जिना उतरता उतरता माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तीच घार किनाऱ्यावर तासन् तास बसते. वाळूत मांडी घालून, एका जागी, पाण्याकडे बघत. माझा मुलगा त्या वयात किनाऱ्यावर पाच मिनिटं बसला असता तर मी नारळ फोडला असता. तो जेवतानाही उठायचा. क्रिकेटमध्ये फील्डिंगला उभा केला तर कुत्र्यामागे जायचा. गरबा खेळायला गेला तर एका चपलेनं परत यायचा. त्याचं मन पुस्तकापुरतं उडत नव्हतं, सगळीकडेच उडत होतं. हिचं फक्त पुस्तकाशीच बिनसलेलं. भात शिजला का बघायला एक शीत पुरतं म्हणतात, पण शीत कुठल्या भांड्यातलं ते तरी बघाल की नाही?

हे ते नव्हे, एवढं मला पक्कं कळत होतं. मग काय आहे, ते मात्र कळत नव्हतं.

शाळेचं बोलणं झाईला पोचायला वेळ लागला नाही. बाजाराच्या दिवशी वहिनी डहाणूला टोपली घेऊन आली ती मासळी संपवून थेट माझ्या स्वयंपाकघरात. तोंडावर पाणी मारलं, पदराला हात पुसले आणि खाली बसली.

“तुझा भाऊ म्हणतो, दिवाळीला पोर घरी आण. इथंही शाळा आहे. शिकत नसेल तर डहाणूचं खूळ कशाला? बोंबील वाळत घालायला हात लागतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

ती एकदम पुढं सरकली आणि माझा हात धरला. “ताई, तुझ्या मुलाच्या गोळ्या अजून घरात असतील ना गं? हिला अर्धी देत जा. अर्धीच. कुणाला कशाला कळायला हवं?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला होत नाही, आणि तू गोळ्या वाटायला निघालीस!”

“मग काय करू?” वहिनीचा आवाज फुटला. “ही टोपली बघ. माझ्या आईच्या डोक्यावर होती, माझ्या डोक्यावर आहे. हिच्या डोक्यावर नको मला. तुझा मुलगा शिकला ना त्या गोळीनं? मग माझ्याच पोरीनं कुणाचं काय वाकडं केलंय?”

रागावले होते मी, पण ते ऐकून राग टिकला नाही. ती मूर्ख नव्हती. माझ्या घरात गोळीनं भलं झालेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आमच्या वस्तीत ताप, खोकला, पाठदुखी, कशावरही शेजारचं उरलेलं औषध आधी घेतात, डॉक्टर मागून. मी तिला चहा दिला आणि सांगितलं, “गोळी वाईट नाही. पण ती ज्याची त्यालाच. आधी हिला काय झालंय ते मी शोधते. तोवर दिवाळीचं नाव काढायचं नाही, भावालाही सांग.” मोठ्या तोऱ्यात बोलले. वहिनी गेल्यावर मात्र, बाई गं, आता शोधायचं कुठं, असं स्वतःलाच विचारत मी भांडी घासली.

त्यानंतर मी पोरीवर नजर ठेवली. कचेरीतून आले की तिच्यासमोर बसायचं, रागवायचं नाही, नुसतं बघायचं. एका रविवारी आम्ही जवळा निवडत होतो. सुकवलेली बारीक कोलंबी ती, सुपात पसरायची आणि त्यातला काडीकचरा वेचून काढायचा. भाचीनं सूप जवळ घेतलं, थोडा वेळ बरा चालला, मग डोळे चोळले, मान तिरकी केली आणि डावा तळहात गालावरून सरकवत डाव्या डोळ्यावर नेला. एका डोळ्यानं पुन्हा भराभर निवडायला लागली. हात खाली आला की गाडी अडायची. पुन्हा डोळा झाकला की चालू.

टीचर म्हणत होत्या ते गाल टेकून पेंगणं! मी सूप बाजूला ठेवलं आणि तिचं मराठीचं पुस्तक आणलं. तेच. दोन ओळी दोन्ही डोळ्यांनी, मग हात वर.

माझा मुलगा दारात उभा राहून बघत होता. कामावरून आला होता, पिशवी अजून खांद्याला. तो म्हणाला, “आई, माझं असं नव्हतं. मला अक्षरं चांगली दिसायची गं. मीच तिथं नसायचो. ही तर तिथंच आहे. बघ ना, किती झटतेय.”

जन्मात एवढं शहाणं तो बोलला नसेल. मी पोरीला जवळ घेतलं. “बाळा, हात का गं लावतेस डोळ्याला?”

“हात लावला की अक्षरं गप बसतात.”

“आणि नाही लावला तर?”

“तर चालतात. एकाची दोन होतात. मग ती शेजारच्याच्या अंगावर चढतात.” अगदी सहज सांगत होती, पाऊस पडला सांगावं तसं. “मग डोकं दुखतं.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस कुणाला?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू वेड्यासारखं मीच विचारतेय. “सगळ्यांचं तसंच असतं ना? बाकीच्यांना तरी वाचता येतं. मी ढ आहे म्हणून मला येत नाही.”

मला रडू आलं. लपवलं नाही मी. मुलानं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, “ढ तुझी टीचर.” मी त्याला दटावलं, पण मनातून बरं वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणताच भाऊ फोनवर खो खो हसला. “हिच्या डोळ्यांना? छापखान्याचं नाव वाचलं तिनं!” मग हसू ओसरलं आणि खरं ते बाहेर आलं. “चष्मा लावशील, आणि पोरीची लांबची नजर जाईल. ती गेली की काय उरलं तिच्याकडे?” म्हणजे त्याच्या लेखीही पोरीकडे तेवढंच होतं. मी म्हटलं, “नजर जायला ती काय तुझी होडी आहे, नांगर सुटला की गेली?” आणि फोन ठेवला. रजा टाकली नाही. पोरीला एसटीत घातली आणि माझ्याबरोबर तलासरीला नेली. कचेरीच्या जवळच एका डॉक्टरीणबाईंचा डोळ्यांचा दवाखाना होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिथं.

डॉक्टरीणबाई तिरसट होत्या. बाहेर बाकावर गर्दी, अर्धी माणसं गुजरातीत बोलणारी, अर्धी आमच्यासारखी, आणि बाई दोघांवर सारख्याच खेकसत होत्या. पण पोर समोर बसली तशा त्या माझ्याकडे बघेनाशाच झाल्या. सगळं तिलाच विचारायच्या. कधी दोन दिसतात? सकाळी की संध्याकाळी? फळ्यावर पण? फळ्यावर नाही, पोर म्हणाली, पुस्तकातच. लांबचा तक्ता, जवळचा तक्ता, एक डोळा झाकून, दुसरा झाकून, सगळं तिनं धडाधड वाचलं. मी मनात म्हटलं, भाऊ जिंकणार बहुतेक.

मग डॉक्टरीणबाईंनी पेन घेतलं आणि त्याचं टोक हळूहळू तिच्या नाकाकडे आणायला लागल्या. “इथं बघत राहा.” पेन निम्म्यावर आलं, आणि पोरीचा उजवा डोळा पेनावर असतानाच डावा डोळा बाहेर निसटला. माझ्यासमोर. पुन्हा केलं, पुन्हा निसटला.

“दोन पेनं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हो,” पोर म्हणाली. “तुम्हाला पण दिसली?”

मग डोळ्यांत थेंब घालून आतूनही तपासलं, नंबर नाही याची खात्री केली, आणि शेवटी मला समजावलं. “डोळे म्हणजे बैलजोडी समजा. बैल दोन्ही दमदार आहेत. लांबच्या सरळ रस्त्याला काही अडत नाही. पण जवळ बघायचं तर दोघांनी एकाच वेळी आत वळावं लागतं, आणि हिची जोडी तिथं मोडते. एक बाहेर ओढतो. म्हणून दोन दिसतं, म्हणून कंटाळते, म्हणून खिडकीबाहेर बघते. खिडकीबाहेर तिला बरं वाटतं. तक्ता लांबून वाचून घेतला तर हे सापडत नाही.”

“म्हणजे लक्षाचा आजार नाही?”

“ते मी सांगणार नाही,” बाई फटकन् म्हणाल्या. “तो आजारही असतो, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. आधी डोळ्यांचं करू. त्यातून काही उरलं तर मुलांच्या डॉक्टरकडे जा. चष्मा नको. व्यायाम करायचे, आणि दर आठवड्याला इकडे यायचं. कंटाळलात तर मला दोष द्यायचा नाही.”

मला बाई फार आवडल्या. परत येताना थेंबांमुळे पोरीच्या डोळ्यांना ऊन सोसेना. एसटीत तिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि तिथूनच विचारलं, “आत्या, म्हणजे मी ढ नाही?”

“नाही. तुझा डावा बैल चुकार आहे.”

डहाणू येईपर्यंत ती त्या बैलावर हसत होती.

दिवाळीला मी तिला झाईला घेऊन गेले ती सोबत डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला दोरीचा व्यायाम घेऊन. दोरीत तीन मणी ओवायचे, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं आणि लांबच्या मण्यावरून जवळच्या मण्यावर नजर आणायची. मी आणलेली दोरी सैल लोंबत होती. भाऊ बघत बघत वैतागला, उठला, जाळ्याचा पक्का दोरा आणला आणि स्वतः ओवून, ताणून बांधून दिला. काम धड नसलं की त्याला राहवत नाही. मग पेनाचा खेळ मी त्याला करायला लावला. पेन नाकाशी आलं, डोळा निसटला, आणि भावाचा हात तसाच हवेत राहिला.

मग पेन खाली ठेवून तो म्हणाला, “होळीपर्यंत थांबतो. होळीला होडी लावेन तेव्हा बघेन. वाचायला लागली तर तुझ्याकडे. नाहीतर इथंच. मग तू तोंड उघडायचं नाहीस.”

“कबूल,” मी म्हटलं. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं वर बघितलं नाही.

टीचरना मी सगळं सांगितलं, पेनाचा खेळही करून दाखवला. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, मी तिला रोज हात खाली घे म्हणत होते.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरीला थोडं थोडं वाचायला दिलं, मध्ये थांबू दिलं. माणूस चांगला असला की चूक सुधारायला वेळ लागत नाही, हे मला त्या बाईंनी दाखवलं. मग मीही चिडायची थांबले.

थंडीभर रोज दोरी. पोर रडली, दोरी कापते म्हणाली, एकदा मणी बंबात टाकले. माझा मुलगा तिच्याशी पैजा लावायचा आणि मुद्दाम हरायचा. दर आठवड्याला तलासरी. आधी काहीच फरक दिसेना, आणि माझ्या तोऱ्याला आतून घाम फुटला होता, पण तो कुणाला दाखवायचा? मग एकदा लक्षात आलं की गृहपाठ होऊन गेला आणि हात गालावर गेला नाही. मग ओळी गाळणं कमी झालं. डॉक्टरीणबाईंचं पेन आता नाकापाशी पोचायला लागलं. पण वाचन म्हणजे अजून कामच होतं तिला. सांगितलं की करायची, संपलं की सुटायची. एवढं भावाला पुरेल का, मला खात्री नव्हती.

होळीला सगळ्या होड्या घरी येतात. लांब गेलेल्याही. त्या दिवशी दुपारपासून झाईचा किनारा भरलेला असतो, बायका नवीन लुगड्यात, पोरं वाळूत, आणि सगळ्यांच्या नजरा पाण्यावर. आम्हीही बसलो होतो. वहिनी, मी, शेजारणी. पोर आमच्या मागे उलट्या घातलेल्या एका जुन्या होडीच्या सावलीत. शाळेच्या वाचनालयातून टीचरनी सुट्टीसाठी दिलेलं एक गोष्टीचं पुस्तक घेऊन आली होती. मी आणायला सांगितलं नव्हतं.

होड्या दिसायला लागल्या. लाल बावटा आला, एका घरात आरडाओरडा झाला. निळा आला. वहिनीनं पदर डोक्यावर घेतला, उतरवला. आमच्या बाजूनं कुणी ओरडेना. मग शेजारणीचा लहानगा उड्या मारत पाण्याकडे पळाला. “पिवळा! पिवळा!” बघतो तर आमची होडी अगदी जवळ आलेली, बावटा मलासुद्धा दिसत होता, माझ्या चष्म्यातून!

भाऊ गुडघाभर पाण्यात उतरला आणि आधी इकडे तिकडे बघायला लागला. “घार कुठाय माझी? आज आवाज नाही आला?” एकदम घाबरला तो. “बरी आहे ना?”

वहिनी मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून जोरात ओरडली, “अगो, बाप आला तुझा! होडी लागली! लक्ष कुठाय तुझं?”

पोरीचे दोन्ही हात पुस्तकावर होते. डोळे पानावरून उठले नाहीत.

वहिनी तशीच उभी राहिली. आपण काय बोललो ते तिला तेव्हा उमगलं असावं, कारण तिनं पदर तोंडात कोंबला आणि माझा दंड एवढ्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता. भाऊ ओल्या अंगानं वाळूतून चालत त्या होडीपाशी गेला. पोरीच्या पुस्तकावर पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा तिनं ते बाजूला घेतलं.

“बाबा, थांबा ना,” ती म्हणाली, “एवढं पान होऊ दे.”

भाऊ तिथंच वाळूत बसला, आणि पान होईपर्यंत थांबला.